मुद्दाम केलं, की झालं?

‘समोरचा असा का वागला?’ या विषयावर गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेली पत्रं वाचताना एक शब्द जवळपास प्रत्येक पत्रात भेटला: मुद्दाम. वरचे मुद्दाम आवाज करतात, जाऊ मुद्दाम उत्तर देत नाही, वर्गातला पोरगा म्हणतो त्यानं मुद्दाम धक्का दिला. तेव्हा या वेळच्या उत्तरांचा रोख त्या एका शब्दावरच आहे. सारखी पत्रं एकत्र केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : आमच्या वरच्या फ्लॅटमधले लोक रात्री साडेअकरानंतर फर्निचर ओढतात, गोट्या टाकल्यासारखा आवाज करतात. दोन महिन्यांपूर्वी मी सोसायटीकडे लेखी तक्रार दिली. तेव्हापासून आवाज वाढलाच आहे. हा सूड नाही तर काय? (डोंबिवली)

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. आवाज कुठून येतो हा एक, आणि तो का केला जातो हा दुसरा. पहिल्याचा तपास व्हायच्या आधीच दुसऱ्याचा निकाल लागून गेलाय. म्हणून आधी पहिला.

आरसीसी इमारतीत स्लॅब, बीम आणि कॉलम हा एकसंध सांगाडा असतो. बोलण्याचा आवाज भिंतीत बराचसा अडतो. पण खुर्ची ओढली, खलबत्त्यात कुटलं, काही पडलं, तर तो धक्का थेट काँक्रीटमध्ये शिरतो आणि लांबवर फिरतो. त्यात माणसाचा कान डावं-उजवं चांगलं ओळखतो, वर-खाली ओळखण्यात मात्र कच्चा. त्यामुळे तिरप्या फ्लॅटमधला, कधी खालचाही आवाज ‘डोक्यावरच’ होतोय असं वाटतं. वर कोण राहतं हे आपल्याला माहीत असतं आणि त्यांच्याशी वाजलेलं असतं. मग कान उरलेलं काम स्वतःच उरकतो.

गोट्यांचा आवाज तर पुष्कळदा पाण्याच्या पाइपचा निघतो. वाहतं पाणी नळ किंवा व्हॉल्व्ह बंद होऊन एकदम अडलं की पाइपमध्ये दाबाची लाट उठते आणि पाइपला भिंतीशी धरून ठेवणारा क्लँप सैल असेल तर पाइप भिंतीवर टकटक आपटतो. आधी एक मोठी टक्, मग पाठोपाठ बारीक टकटकटक, म्हणजे हुबेहूब गोटी पडून घरंगळल्यासारखं. रात्री पंप लावून वरची टाकी भरण्याची वेळ कोणती, ते वॉचमनला विचारा.

आता ‘तक्रारीनंतर वाढला’ याबद्दल. खरंच वाढला असेल. पण तक्रार दिल्यावर माणूस अकरा वाजल्यापासून कान टवकारून बसतो, प्रत्येक खट् मोजतो आणि शांत गेलेली रात्र कुठेच जमा धरत नाही. म्हणून सात रात्री वहीत नोंद करा. वेळ, आवाजाची जात (ओढल्याचा, आपटल्याचा, गरगर फिरल्याचा), किती वेळा, किती मिनिटं. आवाज आला नाही त्या रात्रीपुढे ‘शांत’ असं आवर्जून लिहा. तेवढा एक शब्द सुटला तर सगळी वही एकतर्फी होते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी वरच्यांना दिवसाउजेडी भेटा. एवढंच म्हणा, “मला आवाज आला की मी एक मिस्ड कॉल देईन. त्या वेळी तुमच्याकडे काय चालू होतं, तेवढं सकाळी सांगाल का?” चार मिस्ड कॉलमध्ये उलगडा होतो. त्यांच्या खुर्च्याच असतील, तर पायांना रबरी बूच बसवायला सांगा. चार खुर्च्या म्हणजे सोळा बुचं, खर्च किरकोळ. चिकटवायची फेल्ट (नमद्यासारख्या कापडाच्या चकत्या) घेऊ नका. फरशी पुसताना ओली होऊन ती महिन्या-दोन महिन्यांत सुटते आणि ‘बघा, पुन्हा सुरू केलं’ म्हणून भांडण नव्यानं पेटतं. मिक्सरखाली जाड रबरी मॅट. पाइपचा आवाज असेल, तर प्लंबरकडून सैल क्लँप रबराची पट्टी घालून आवळून घ्यायचे. पाइप सामाईक असेल तर ते काम सोसायटीचं, वरच्यांचं नव्हे.

सोसायटीला पुन्हा लिहावं लागलं तर ‘त्रास देण्याच्या हेतूने’ हे शब्द गाळा. ‘रात्री ११:३५ ते ११:५०, ओढल्याचा आवाज, ५ वेळा’ असं लिहा. हेतूचा आरोप वाचला की समोरचा आपली नियत सिद्ध करायला निघतो, आणि खुर्ची राहते बाजूला.

प्रश्न : धाकटी जाऊ माझे मेसेज निळी टिक येऊनही दोन-दोन दिवस तसेच ठेवते. मग ‘बरं.’ एवढंच उत्तर, तेही पूर्णविराम देऊन. गौरीजेवणाच्या कामाची वाटणी विचारली होती, तर तेच. घरात मी मोठी. हा अपमान नाही का? (सातारा)

उत्तर : निळ्या टिकेपासून सुरू करू, कारण तिच्या अंगावर आपण नको तेवढा अर्थ घालतो. दोन करड्या टिका म्हणजे मेसेज फोनवर पोचला. निळ्या म्हणजे तुमचं चॅट उघडलं गेलं. वाचलं गेलं असं नव्हे, आणि तिनंच उघडलं असंही नव्हे. लहान मुलाच्या हातात फोन असेल, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेबमध्ये तुमचं चॅट समोर उघडं असेल, तरी टिका निळ्या होतात. उलट, वरून आलेल्या नोटिफिकेशनवर अख्खा मेसेज वाचला तरी त्या करड्याच राहतात. समोरच्यानं निळ्या टिकेची सोय बंद केली असेल तर एकेकट्या चॅटमध्ये ती कधीच दिसणार नाही. ग्रुपमध्ये मात्र ती बंद करता येत नाही, आणि तिथे सगळ्या सभासदांनी पाहिल्याशिवाय ती निळी होत नाही. एका काकांचा फोन चार्जिंगला पडून असला की अख्ख्या घराण्यानं तुम्हाला वाळीत टाकल्यासारखं दिसतं!

आता ‘बरं.’ तोंडानं म्हटलेल्या ‘बरं’चे किती प्रकार असतात ते तुम्हाला सांगायला नको. मान्य आहे, ऐकलंय, पुढे बोला, आता पुरे, ‘बरं बाई’. हा सगळा फरक स्वरात असतो आणि मेसेजमध्ये स्वर पोचत नाही. गंमत अशी, की लिहिणाऱ्याला तो स्वर स्वतःच्या डोक्यात ऐकू येत असतो, त्यामुळे तो समोरच्यालाही ऐकू जाईल असं त्याला वाटतं. क्रूगर, एपली आणि सहकारी या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली हे मोजलं. काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधानं, ईमेलनं किंवा बोलून, पाठवायला सांगितली. पाठवणाऱ्यांचा अंदाज दोन्हीकडे सारखाच : शंभरातली सुमारे ७८ तरी समोरच्याला बरोबर कळतील. आवाजातली ७३ कळली. ईमेलमधली ५६. दोनच पर्याय असताना डोळे मिटून बोट ठेवलं तरी ५० बरोबर येतात, म्हणजे लिखाणातला सूर जवळजवळ पोचलाच नाही.

याच चुकीचा आणखी बोलका प्रयोग १९९० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी केला होता. एकानं ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटानं वाजवायचा, दुसऱ्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली ३. आज संध्याकाळी घरात करून पाहा, नातवंडांना मजा येते. वाजवणाऱ्याला डोक्यात अख्खं गाणं ऐकू येतं, ऐकणाऱ्याला नुसती टकटक. (वरच्या मजल्याचं पत्र आठवलं असेल!)

तुमचा मेसेज तुम्ही पत्रात उतरवून दिलात, त्याबद्दल आभार. “यंदा गौरीचं बघायला हवं. दरवेळी सगळं माझ्यावरच येतं.” यात तुम्हाला प्रश्न ऐकू येतो. आम्हाला तर यात प्रश्नचिन्ह दिसलं नाही. याला ‘बरं.’ सोडून ती काय उत्तर देणार? हाच मेसेज असा लिहून पाहा : “गौरीजेवणाला पुरणपोळी आणि कटाची आमटी मी करते. सोळा भाज्या आणि कोशिंबिरी तू घेशील का? मला शनिवारी सकाळी मंडईत जायचंय, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळव.” काम, नाव, दिवस आणि प्रश्नचिन्ह, एवढी चार अंगं. एका मेसेजमध्ये एकच विषय. दोन घातले की उत्तर सोप्याचं येतं. आणि ‘दरवेळी माझ्यावरच येतं’ हे खरोखर सांगायचं असेल, तर ते फोनवर सांगा. ७३ आणि ५६ मधला फरक तिथेच कामाला येतो.

प्रश्न : माझा थोरला भाऊ अडल्यानडल्याला धावणारा. शेजाऱ्यांना रात्री-अपरात्री दवाखान्यात नेणारा. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा अर्धा खर्च देतो असं सगळ्यांसमोर म्हणाला, आणि आता तारीख जवळ आल्यावर ‘बघतो’ म्हणतो. इतकी वर्षं मी ज्याला दादा म्हणून ओळखत होते तो माणूस खोटाच होता का? (नाशिक)

उत्तर : नाही. पण तुम्ही ज्यावरून अंदाज बांधलात ते माप चुकीचं होतं.

आपण माणसाला एक लेबल लावतो, ‘मदत करणारा’, ‘कंजूष’, ‘शब्दाचा पक्का’, आणि मग ते सगळीकडे चालेल असं धरतो. १९२० च्या दशकात अमेरिकेत हार्टशॉर्न आणि मे यांनी हजारो शाळकरी मुलांना पेपरात कॉपी करण्याच्या, खेळात गुण वाढवून सांगण्याच्या, पैसे उचलण्याच्या संधी मुद्दाम उपलब्ध करून दिल्या. एका ठिकाणी प्रामाणिक राहिलेलं मूल दुसऱ्या ठिकाणी प्रामाणिक राहीलच असं निघालं नाही. १९६८ मध्ये वॉल्टर मिशेल यांनी असे बरेच अभ्यास एकत्र पाहिले. वेगवेगळ्या प्रसंगांतल्या वागण्याचा एकमेकांशी संबंध, जिथे १ म्हणजे तंतोतंत आणि ० म्हणजे काहीच नाही, तो सहसा ०.३० च्या पुढे जात नव्हता. स्वभाव नसतोच असा याचा अर्थ नाही. एका प्रसंगावरून वेगळ्याच प्रसंगाचं भाकीत फार कमजोर निघतं, एवढाच अर्थ.

प्रसंगाची ताकद किती असते? १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन यांनी प्रिन्स्टनमधल्या धर्मशिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीत भाषण द्यायला पाठवलं. काहींचा विषय तर वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या भल्या माणसाची बायबलमधली गोष्ट हाच होता. वाटेत दारात एक माणूस खोकत, कण्हत पडलेला ठेवला होता. ज्यांना ‘वेळ आहे’ असं सांगितलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के थांबले, ज्यांना बेताचीच घाई होती त्यांच्यातले ४५ टक्के, आणि ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलेल्यांतले १० टक्के. भाषणाचा विषय काय होता, कोण किती धार्मिक, यानं कोण थांबेल हे ठरलं नाही. घड्याळानं ठरवलं.

आता दादाकडे बघा. रात्री शेजाऱ्याला गाडीत घालून नेण्याला लागतात दोन तास आणि थोडं पेट्रोल, आणि निर्णय एकट्याचा. ऑपरेशनच्या निम्म्या पैशाला लागते बँकेतली शिल्लक, वहिनीशी बोलणं, कदाचित एखाद्या हप्त्याचं गणित. दोन्हीला आपण ‘मदत’ म्हणतो म्हणून ती एकच गोष्ट होत नाही. दादा पैशाच्या बाबतीत कसा वागेल, याचा अंदाज पूर्वीच्या पैशाच्या प्रसंगांवरून बांधायचा. बाबांच्या आजारपणात किती दिले होते, ते सांगितल्या दिवशी दिले का, घराच्या दुरुस्तीचा वाटा कधी आला. असे तीन प्रसंग आठवा. तुमच्या पत्रात असा एकही नाही.

शिवाय तो ‘देतो’ म्हणाला तो सगळ्यांसमोर. चार नातेवाइकांदेखत आलेला होकार पुष्कळदा त्या चौघांसाठीच असतो. ‘बघतो’, ‘होईल’, ‘करू या’, ‘कळवतो’ हे आपल्याकडचे नकाराचे सभ्य अवतार. ‘बघतो’ला तारीख जोडलेली असेल (‘पगार झाला की एक तारखेला बघतो’) तर त्यात जीव असतो. नुसतं ‘बघतो’ दोनदा आलं तर ते ‘नाही’ धरून दुसरी सोय सुरू करावी. त्यात राग मानायचं कारण नाही. ‘नाही’ म्हणायची जागा आपणच ठेवलेली नसते.

ती जागा करून द्या. फोन एकट्यानं करा, वहिनीचा किंवा आईचा फोन स्पीकरवर ठेवून नव्हे. “दादा, पंधरा तारखेला हॉस्पिटलात अनामत भरायची आहे. त्यात तुझे किती धरू? या वेळी जमत नसेल तर तेही आजच सांग, म्हणजे मी दुसरी सोय करते.” मग गप्प बसा. ‘तू तर म्हणाला होतास’ हे वाक्य गिळा. ते बरोबर असलं तरी त्यानं फोन पैशाचा न राहता अब्रूचा होतो. आकडा आला तर त्याच दिवशी साध्या मेसेजमध्ये नोंदवून ठेवा : “तुझे चाळीस हजार, दहा तारखेपर्यंत, आईच्या खात्यात.” आकडा, तारीख आणि खातं यांतलं एक जरी सुटलं, तरी पुढच्या महिन्यात दोघंही आपापल्या आठवणीशी प्रामाणिक राहून भांडता.

आणि इतरांकडे मागायला संकोचू नका. लोक नाही म्हणतील हा आपला अंदाज बहुतेकदा जास्तीचा असतो. फ्लिन आणि लेक यांच्या २००८ च्या प्रयोगात अनोळखी लोकांकडे फोन करायला मोबाइल मागायचा होता. तिघांनी दिला पाहिजे तर किती जणांना विचारावं लागेल? अंदाज होता दहा. प्रत्यक्षात सहांत काम झालं.

प्रश्न : जुना फ्लॅट घेतोय. एजंट खरं बोलतोय की नाही हे चेहऱ्यावरून कसं ओळखावं? (पुणे)

उत्तर : ओळखता येत नाही. नजर चुकवणं, नाकाला हात लावणं, घाम, यांपैकी काहीही भरवशाचं नाही. बाँड आणि डीपॉलो यांनी २००६ मध्ये २४ हजारांहून अधिक लोकांच्या निवाड्यांचा हिशेब केला. खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के बरोबर निघाली, आणि नाणं उडवलं तर ५०. लाजाळू माणूस खरं बोलतानाही खाली बघतो. रोज दहा गिऱ्हाइकं करणारा खोटं बोलतानाही डोळ्यांत डोळे घालतो. चेहरा सोडा, कागद बघा : दस्ताची इंडेक्स टू प्रत (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा), आधीच्या खरेदीखतांची साखळी, सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र, शेवटची मालमत्ता कराची पावती. बँकेचा बोजा आहे का, ते वकिलाकडून शोध घेऊन. नवं बांधकाम असेल तर महारेराचा (बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर स्वतः घालून बघा.

प्रश्न : सहावीच्या वर्गावर आहे. एक मुलगा रोज कुणाला तरी मारतो आणि म्हणतो, “त्यानं मुद्दाम धक्का दिला.” आई-वडिलांना बोलावलं, शिक्षा केली, उपयोग नाही. (कोल्हापूर)

उत्तर : हा मुलगा सबब सांगत नसण्याची बरीच शक्यता आहे. त्याला ते खरंच मुद्दाम दिसत असावं.

केनेथ डॉज यांनी १९८० मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांवर केलेला प्रयोग तुमच्या उपयोगाचा आहे. मारकुटी म्हणून ओळखली जाणारी मुलं आणि इतर मुलं, दोघांना एक चित्रकोडं जुळवायला दिलं. अर्धवट असताना दुसऱ्या मुलानं ते मोडलं असं त्यांना भासवलं. कधी ते उघड खोडसाळपणे, कधी मदत करताना चुकून, आणि कधी का मोडलं ते कळू नये अशा रीतीनं. उघड खोडी आणि उघड चूक यांत दोन्ही गटांतली मुलं सारखीच वागली. फरक पडला तो तिसऱ्यात. कारण कळत नव्हतं तिथे मारकुट्या मुलांनी खोडी धरली, बाकीच्यांनी चूक धरली. आणि एकदा हात उचलला की इतर मुलं खरोखरच त्याच्या वाटेला जायला लागतात. मग त्याचा समज खराही ठरतो.

म्हणून ‘का मारलंस?’ असं विचारू नका. त्यानं समर्थनच बाहेर येतं. विचारा : “धक्का लागला तेव्हा तुझं तोंड कुणीकडे होतं? त्याचा हात दिसला की नुसतं जाणवलं? त्याच्या मागे कोण होतं?” पाठमोरा असताना लागलेला धक्का त्यानं पाहिलेलाच नसतो, हे तीन-चार वेळा त्याच्याच तोंडून आलं पाहिजे. तुम्ही सांगून उपयोग नाही.

दुसरं, पाच दिवस जागा आणि वेळ टिपा. बहुतेक शाळांत असे प्रसंग ठरावीक दोन-तीन जागी होतात, म्हणजे पाण्याच्या नळाची रांग, जिन्याचं वळण, दप्तरं भरून दाराशी झालेली गर्दी. पाठीवरचं दप्तर घेऊन मूल वळलं की मागच्याच्या छातीला ते लागतंच, आणि वळणाऱ्याला पत्ताही नसतो. नळाच्या रांगेत दप्तर खाली ठेवायचा नियम करा, याला रांगेत पहिला किंवा शेवटचा उभा करा. धक्केच कमी झाले की उलगडायचे प्रसंगही कमी होतात.

तिसरं, आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं सगळ्या वर्गाला एक खेळ द्या. फळ्यावर एक प्रसंग लिहायचा, ‘मधल्या सुट्टीत माझा डबा खाली सांडलेला दिसला’, आणि प्रत्येकानं तीन वेगवेगळी कारणं सांगायची. तिन्ही कारणांत खोडी आली तर चौथं मागायचं. त्या एकट्या मुलाला वेगळं बसवून हे करू नका. खेळाची शिक्षा होते.

आणि एक शक्यता खुली ठेवा. त्याला खरंच कुणी डिवचत असेल. पाच दिवसांच्या नोंदीत एकच नाव पुन्हा पुन्हा आलं तर तपास तिकडे वळवा. पालकांशी बोलताना ‘आक्रमक आहे’ हा शब्द नको. ‘नळाच्या रांगेत धक्का लागला की हात उचलतो, या आठवड्यात चार वेळा’ असं सांगितलं की त्यांना घरी काहीतरी करता येतं.

प्रश्न : तुमचे हे प्रयोग सगळे अमेरिकेतले. आपली माणसं एकमेकांना जास्त समजून घेतात. (सोलापूर)

उत्तर : अर्धं बरोबर. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या आणि म्हैसूरच्या लोकांची तुलना केली. चुकीच्या वागण्याचं कारण सांगताना अमेरिकन प्रौढ स्वभावावर बोट ठेवायचे, म्हैसूरचे परिस्थितीवर. त्यात एक प्रसंग होता : मोटारसायकलचं टायर फुटून मागे बसलेल्याच्या डोक्याला मार लागतो; चालवणारा वकील त्याला दवाखान्यात सोडून कोर्टात निघून जातो; जखमी दगावतो. अमेरिकन म्हणाले, बेजबाबदार माणूस. भारतीय उत्तर असं, की अशिलासाठी कोर्टात हजर राहणं त्याचं कर्तव्य होतं, तो गांगरलाही असेल, आणि जखम दिसायला तेवढी गंभीर नसेल. आठ वर्षांच्या मुलांत हा फरक जवळजवळ नव्हता. वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे ही नजर शिकलेली असते.

पण ही उदारता आपण सगळ्यांना देत नाही. टेलर आणि जग्गी यांनी १९७४ मध्ये दक्षिण भारतातल्या हिंदू कारकुनांसमोर हिंदू आणि मुसलमान माणसांच्या बऱ्या-वाईट वागण्याचे प्रसंग ठेवले. आपल्या माणसाचं चांगलं वागणं स्वभावातून आलेलं ठरलं आणि वाईट परिस्थितीमुळे घडलेलं. दुसऱ्याच्या बाबतीत नेमकं उलटं. घरातही हेच चालतं. लेकीला उशीर झाला तर ट्रॅफिक, सुनेला झाला तर वळण नाही.

प्रश्न : लग्नाला एकतीस वर्षं झाली. स्वतःला त्यांच्या जागी ठेवून विचार करते, तरी ह्यांच्या मनातलं चुकतंच. (नागपूर)

उत्तर : तुम्ही एकट्या नाही. एयल, स्टेफेल आणि एपली यांनी २०१८ मध्ये २५ प्रयोगांतून हेच पाहिलं. समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून विचार केल्यानं अंदाज अधिक अचूक झाले नाहीत. त्याच्या जागी आपण बसवतो ते स्वतःलाच, आपल्याच आवडीनिवडींसकट. अचूकता वाढली ती सरळ विचारल्यावर. तेव्हा ‘ह्यांना काय वाटत असेल’ यावर रात्र घालवण्यापेक्षा सकाळच्या चहाला विचारा. ‘तुम्हाला राग आलाय का?’ असं नको, त्याला ‘नाही’ हेच उत्तर येतं. “काल पाहुणे गेल्यावर तुम्ही लगेच आत गेलात. काय झालं होतं?” असं विचारा. उत्तर ‘पाठ दुखत होती’ असंही निघू शकतं.

प्रश्न : मग काहीही झालं तरी समजूनच घ्यायचं का? काही लोक खरंच मुद्दाम करतात. (ठाणे, ऑफिसमधली सहकारी कामाचं श्रेय स्वतःकडे घेते)

उत्तर : करतात. तपासायच्या गोष्टी चार. तिच्या वागण्याचा तुम्हाला काय तोटा होतो, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगितलंय का? दुसरा मार्ग तिच्या हाताशी होता का, म्हणजे मेलमध्ये तुमचं नाव घालणं एवढंच? सांगितल्यानंतरही तेच झालं का, निदान दोनदा? आणि ती सगळ्यांशी नाही, तुमच्याशीच असं करते का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर बाकी तीन तपासूच नका, आधी सांगा : “मंगळवारच्या रिपोर्टमधले तक्ते माझे होते. पुढच्या वेळी मेलमध्ये दोघींची नावं हवीत.” चारही ठिकाणी खूण झाली तर हेतू काय होता याचा काथ्याकूट थांबवा. साहेबांना तारखा आणि फायली दाखवा, आणि यापुढे स्वतःचं काम स्वतःच्या मेलवरून पाठवा. तोटा थांबवायला हेतू सिद्ध व्हावा लागत नाही.

जाता जाता, दोन पत्रं आम्ही इथे छापलेली नाहीत. दोन्हीत बायकोचा फोन तपासणं, पगार काढून घेणं आणि हात उगारणं आहे, आणि ‘तो मनानं वाईट नाही, परिस्थितीमुळे करतो’ असंही आहे. वरचं एकही उत्तर अशा घराला लावू नका. तिथे कारण शोधण्याआधी तिथून सुरक्षित बाहेर कसं पडायचं ते बघायचं. महिला हेल्पलाइन १८१. जिवाला धोका असेल तर ११२.